कॅनडात अकाउंटिंग: आधी एवढंच कर

भाऊ, जळगावचं बी.कॉम. तिकडे वाया जात नाही, पण आपोआप चालतही नाही. निघण्याआधीच ट्रान्सक्रिप्टचं (विद्यापीठाच्या अधिकृत गुणपत्रकांचं) बघ. पदवीच्या मूल्यमापनासाठी ते थेट विद्यापीठाकडूनच जावे लागतात. मी टोरांटोत बसून काकांना उन्हाळ्यात विद्यापीठाच्या चकरा मारायला लावल्या, अजून ऐकवतात.

टॅली येतं ना? मग क्विकबुक्स, तिकडचं हिशोबाचं सॉफ्टवेअर, जमेल. एचएसटी, म्हणजे आपल्या जीएसटीसारखा विक्रीकर, शिक; ऑन्टॅरिओ प्रांतात 13 टक्के. पेरोल, म्हणजे पगाराचा हिशोबही.

नवखे दोन ठिकाणी चुकतात:
- आल्या आल्या सीपीएच्या (तिकडच्या सीएच्या) मागे लागतात.
- बुककीपरचं, म्हणजे रोजचे हिशोब लिहिण्याचं काम कमीपणाचं म्हणून सोडतात.

ते काम घेच. वैयक्तिक टॅक्स रिटर्नची मुदत साधारण 30 एप्रिल, त्यामुळे फेब्रुवारीपासून छोट्या फर्मना माणसं लागतात. जानेवारीतच अर्ज टाक. सीपीएचं नंतर बोलू.