स्कॉटलंडमधल्या एखाद्या कमी ओळखीच्या, छोट्याशा वस्तीचा इतिहास-भूगोल कोणी सांगेल का?

मी मूळचा नाशिकचा, सध्या ग्लासगोत राहतो. तुमचा प्रश्न वाचल्यावर पहिलं नाव डोक्यात आलं ते अल्व्हा बेटाचं.

आधी कुठे आहे ते सांगतो. ग्लासगोहून रेल्वेने ओबन, तिथून मोठ्या बोटीने तासाभरात 'मल्ल' बेट. (खरा उच्चार 'मल' असा आहे, पण मराठीत तसं लिहायला हात कचरतो.) मग एकपदरी रस्त्याने बेटाच्या पश्चिम अंगाला जायचं. रस्ता संपतो तिथे एक अरुंद खाडी आहे आणि खाडीपलीकडे अल्व्हा. धक्क्यावर एक फळी लावलेली आहे. तिच्यावरचं झाकण सरकवलं की खालचा लाल रंग दिसतो, तो बघून पलीकडचा नावाडी होडी घेऊन येतो. दोन मिनिटांत पार. मी पहिल्यांदा गेलो तो शनिवार होता आणि शनिवारी होडी बंद. त्या फळीशेजारी बसून पोळीभाजीचा डबा खाल्ला आणि परत फिरलो.

बेट साधारण 12 किलोमीटर लांब आणि चार रुंद. सर्वांत उंच डोंगर 313 मीटरचा. डांबरी रस्ता कुठेच नाही. नाव नॉर्स (म्हणजे व्हायकिंग) लोकांनी दिलेलं, 'लांडग्यांचं बेट' अशा अर्थाचं.

दुसऱ्या खेपेला पलीकडे उतरलो आणि मला घरी आल्यासारखं वाटलं. कारण दगड. काळा बेसाल्ट, आणि पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेले डोंगर, अगदी त्र्यंबकच्या बाजूला दिसतात तसे. आपला दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, इकडचा सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीचा. दक्षिण किनाऱ्यावर बेसाल्टचे खांब आहेत. अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहिली असेल तर कल्पना येईल, फक्त हे बुटके आहेत आणि त्यांच्या पायाशी समुद्र आहे.

आता इतिहास. आज अल्व्हावर हिंडताना वाटतं की इथे कधी कोणी राहतच नसावं. पण 1837 साली इथे सहाशेच्या वर माणसं आणि सोळा गावं होती. त्यांच्यासाठी 1828 मध्ये थॉमस टेलफर्ड या इंजिनिअरच्या आराखड्यानुसार चर्च बांधलं गेलं. ते अजून उभं आहे, आणि आजच्या वस्तीच्या मानाने अवाढव्य वाटतं.

एवढी माणसं पोसली जायची ती बटाटा, गुरं आणि केल्पवर. केल्प म्हणजे समुद्री शेवाळाची राख. ओहोटीला शेवाळ कापायचं, वाळवायचं, दगड रचलेल्या खड्ड्यात जाळायचं. उरलेल्या राखेत सोडा असतो, तो काच आणि साबणाच्या कारखान्यांना लागायचा. नेपोलियनच्या युद्धांमुळे परदेशी माल अडला तेव्हा केल्पला सोन्याचा भाव आला. युद्ध संपलं, स्वस्त माल परत यायला लागला आणि धंदा बसला.

1835 मध्ये फ्रान्सिस विल्यम क्लार्क नावाच्या वकिलाने बेट विकत घेतलं. 1846 मध्ये बटाट्यावर करपा पडला, खंड येईना. क्लार्कने हिशेब मांडला आणि माणसांपेक्षा मेंढ्या परवडतात असं ठरवून कुळांना बेटावरून हाकलायला सुरुवात केली. 1851 पर्यंत दीडशेच माणसं उरली होती. लोक आत असतानाच छपरं पेटवली, असं अजून सांगतात. ज्यांना म्हातारपणामुळे किंवा आजारपणामुळे जहाजावर चढवणं शक्य नव्हतं, त्यांना किनाऱ्यावरच्या एका घरांच्या रांगेत नेऊन टाकलं. त्या जागेला लोक 'उपासमारीची आळी' म्हणतात.

दक्षिणेकडचं ऑर्मेग हे त्यातलंच एक गाव. आता गुडघाभर नेच्यात गोल कोपऱ्यांच्या, बिनचुन्याच्या दगडी भिंती. संध्याकाळचं ऊन तिरपं झालं की उतारावर लांबच लांब वरंबे उमटतात. शेवाळाचं खत घालून त्यांवर बटाटा लावायचे. दुपारी मी तिथूनच गेलो होतो, तेव्हा काही दिसलं नव्हतं. लोक या रिकामपणाला निसर्गसौंदर्य म्हणतात तेव्हा माझा जरा चडफडाट होतो.

आपल्याकडच्या दोन गाठी इथे सापडतात. लॅकलन मॅक्वारी, पुढे ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर झाला तो, 1762 मध्ये अल्व्हावर जन्मला. 1788 मध्ये तो पलटणीबरोबर मुंबईला आला आणि 1793 मध्ये तिथेच त्याने जेन जार्विसशी लग्न केलं. ती तीन वर्षांत क्षयाने गेली, दफन मुंबईत झालं. पुढे त्याने मल्लवर जमीन घेतली आणि तिला 'जार्विसफील्ड' असं नाव दिलं.

दुसरी गाठ मला जास्त भिडली. आफ्रिकेत भटकणाऱ्या डेव्हिड लिव्हिंग्स्टनचे आजोबा अल्व्हाचे शेतकरी. पोट भरेना म्हणून 1792 मध्ये बेट सोडून ग्लासगोजवळच्या सूतगिरणीच्या गावी गेले. नातवाने 1866 ची आफ्रिकेची मोहीम मुंबईहून सुरू केली आणि बरोबर नऊ तरुण घेतले ते नाशिकच्या शरणपूरचे. गुलामीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांची शाळा तिथे होती. शरणपूर रोडवरून मी रोज कॉलेजला जायचो, हे मला अल्व्हाबद्दल वाचताना कळलं!

2018 मध्ये स्थानिक लोकांच्या संस्थेने सरकारी निधीच्या मदतीने बेट विकत घेतलं. तेव्हा बेटावर जेमतेम सहा माणसं राहत होती. त्यानंतर जुनी घरं दुरुस्त करून नवी कुटुंबं वसवायचं काम सुरू झालं. होडीवर भेटलेल्या एका काकूंना मी विचारलं, मेंढ्यांचं काय? त्या हसल्या आणि म्हणाल्या, "आता हरणं जास्त झालीत."

जाणार असाल तर चांगले बूट न्या, ऑर्मेगची वाट चिखलाची आहे. आणि होडीचे वार आधी बघून घ्या.