जुना मिनी लॅपटॉप गाडीत लावताना
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : घरी दहा इंची जुना मिनी लॅपटॉप पडून आहे. भजनं, लग्नातली गाणी, सगळं त्यातच भरलेलं आहे. बोलेरोत लावायचा आहे. इन्व्हर्टर घ्यावा का? (दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : इन्व्हर्टर नको. तो गाडीच्या १२ व्होल्टचे २३० करणार आणि लॅपटॉपचा अडॅप्टर पुन्हा त्याचे १९ करणार. दोन्हीकडे वीज उष्णतेत वाया जाते, शिवाय स्वस्त इन्व्हर्टर स्टिरिओत घरघर सोडतो. लॅपटॉपचा कार चार्जर घ्या, तो १२ चे थेट १९ करतो.

घेण्याआधी जुन्या अडॅप्टरच्या पाठीवरचं लेबल वाचा. मिनी लॅपटॉपवर बहुधा १९ व्होल्ट, २.१ अँपिअर असं असतं, म्हणजे ४० वॅट. कार चार्जर त्याच व्होल्टचा आणि ३ अँपिअर तरी देणारा हवा. अँपिअर जास्त असले तर चालतं, व्होल्ट मात्र तेच पाहिजेत. पिनचं माप आणि मधला टोक प्लस आहे का, तेही जुळवा. आसूसच्या ईईई पीसीची काही मॉडेलं १२ व्होल्टवर चालतात, म्हणून काही जण त्यांची वायर सरळ बॅटरीला जोडतात. तसं करू नका. इंजिन सुरू असताना गाडीची लाइन १४.४ व्होल्टपर्यंत चढते.

सिगारेट लायटरच्या सॉकेटवर भिस्त ठेवू नका. पांदण रस्त्यावर प्लग सैल होतो, आत ठिणग्या पडतात आणि मधल्या टोकावर काजळी धरते. मग गाडी उसळली की चार्जिंग तुटतं. फ्यूज बॉक्समधून, चावी फिरवल्यावरच सुरू होणारी लाइन घ्या. दीड चौरस मिलिमीटरची वायर आणि ७.५ अँपिअरचा फ्यूज पुरे, कारण ४० वॅटचा लॅपटॉप चालवताना चार्जरला गाडीकडून जास्तीत जास्त चारेक अँपिअर लागतात. वायर थेट बॅटरीवरून आणणार असाल तर फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच बसवा. तो सीटखाली असला आणि वायर बोनेटमध्येच घासून शॉर्ट झाली, तर तो फ्यूज काहीच वाचवत नाही.

प्रश्न : ऑक्स वायरनं लॅपटॉप स्टिरिओला जोडला. इंजिन सुरू केलं की कुंई असा आवाज येऊन राहिला, रेस दिली की आणखी वाढते. वायर बदलून पाहिली, फरक नाही. (वरोरा, जि. चंद्रपूर)

उत्तर : रेसबरोबर आवाज चढतो, म्हणजे तो अल्टरनेटरचा, इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राचा. वायर चांगलीच आहे, भानगड अर्थिंगची, म्हणजे मायनस जोडणीची आहे. लॅपटॉपला मायनस दोन वाटांनी मिळतो: एक चार्जरमधून, दुसरा ऑक्स वायरच्या जाळीतून (आतल्या तारांवरच्या विणलेल्या आवरणातून). दोन्ही जागी अर्थचा दाब किंचित वेगळा असतो, तो फरक जाळीतून वाहतो आणि स्टिरिओ त्यालाच गाणं समजून मोठा करतो.

खात्री करायला इंजिन सुरू ठेवून लॅपटॉपची चार्जिंग पिन काढा आणि त्याच्या बॅटरीवर गाणं वाजवा. कुंई गेली, तर निदान पक्कं. मग ऑक्सच्या मधे 'ग्राउंड लूप आयसोलेटर' लावा. आगपेटीएवढी डबी असते, दोन्हीकडे साडेतीन मिलिमीटरची जोडणी आणि आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर. ढोलकीचा खालचा ठेका जरासा हलका वाटेल, तेवढं सोसावं लागतं. पिन काढूनही आवाज राहिला, तर स्टिरिओची अर्थ वायर बॉडीला जिथे बोल्टनं कसली आहे तिथला रंग-गंज खरवडून घट्ट करा. ऑक्स वायर चार्जरच्या वायरीसोबत एकाच जुडीत बांधू नका.

लॅपटॉपचा आवाज ८० टक्क्यांवर ठेवा, कमी-जास्त स्टिरिओवरून करा. लॅपटॉप हळू आणि स्टिरिओ मोठा ठेवला, की सगळी घाण मोठी होऊन ऐकू येते.

प्रश्न : खड्ड्यात गाणं अडकते आणि मे महिन्यात लॅपटॉप आपोआप बंद पडते. (दर्यापूर, जि. अमरावती)

उत्तर : ही दोन वेगळी दुखणी आहेत. गाणं अडकताना आतून कट-कट ऐकू येत असेल, तर हार्ड डिस्क दणके खात आहे. ती लवकरच जाईल, आजच गाण्यांची कॉपी काढून ठेवा. तिच्या जागी १२० जीबीची अडीच इंची साटा जोडणीची एसएसडी (फिरता भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) बसवा. जुनी डिस्क साधारण साडेनऊ मिलिमीटर जाड असते आणि एसएसडी सात. फ्रेम नसेल, तर मधल्या फटीत प्लास्टिकची पट्टी घाला, नाहीतर ती हलून कनेक्टर सैल करते.

बंद पडणं उष्णतेचं आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि उन्हात काचा लावून उभ्या गाडीत तर त्याहून खूप जास्त. लॅपटॉप डॅशबोर्डवर ठेवूच नका. तिथे ऊनही लागतं आणि चालवणाऱ्याची नजरही तिकडेच जाते. सीटमागे, हवा खेळेल अशा जाळीच्या ट्रेमध्ये रबरावर बसवा. झाकण बंद करून चालवायचा असेल, तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये झाकणासमोर 'डू नथिंग' निवडा. पण काही लॅपटॉपांची गरम हवा कीबोर्डमधून निघते. ते बंद झाकणात तापतात, त्यांचं झाकण चार बोटं उघडं ठेवा.

पंखाही पाहा. कापूस वेचणीच्या दिवसांत गाडीत बोंडांची ये-जा असते. पंख्यामागच्या तांब्याच्या जाळीवर कापसाचे तंतू आणि काळ्या मातीची धूळ मिळून नमद्यासारखा थर जमतो. मऊ ब्रशनं काढा. हवा मारण्याआधी पंख्याचं पातं काडीनं अडवा, गरगर फिरलं तर बेअरिंग जातं.

उन्हाळ्यात लॅपटॉपची बॅटरी काढून ठेवलेली बरी. लॅपटॉप सपाट टेबलावर डुगडुगत असेल किंवा टचपॅड वर आला असेल, तर बॅटरी फुगली आहे; ती चार्ज करू नका, टोचू नका. बॅटरीशिवाय चालवताना गाडी आधी, लॅपटॉप नंतर सुरू करा, कारण सेल्फ मारताना व्होल्टेज एकदम पडतं. थांबताना आधी शटडाउन, मग चावी.

प्रश्न : हाच कार चार्जर ट्रकला चालेल का? (मूल, जि. चंद्रपूर)

उत्तर : मोठ्या ट्रकची लाइन २४ व्होल्टची असते, फक्त १२ लिहिलेला चार्जर लावताक्षणी जळू शकतो. '१२-२४ व्होल्ट' लिहिलेला घ्या. ट्रॅक्टर आणि छोटा हत्ती १२ वरच चालतात.