गवताच्या आतली बुरशी आणि पोंग्यातली अळी

प्रश्न (शिरूर तालुका): परदेशात गवताच्या आतच बुरशी असते, म्हणून त्याला कीड लागत नाही, असं मोबाइलवर पाहिलं. नेपियरसाठी तसं बेणं मिळेल का?

उत्तर: माहिती खरी आहे, पण ती आपल्या गवतांची नाही. एपिक्लोई ही बुरशी टॉल फेस्क्यू, रायग्रास अशा थंड हवेच्या गवतांत राहते. पान वरून निरोगी दिसतं. बुरशीचे तंतू पेशींच्या मधल्या जागेत वाढतात आणि बियाण्यातूनच पुढच्या पिढीत जातात. गवत तिला पोसतं, ती कीड हटवणारी अल्कलॉइड्स, म्हणजे विषारी रसायनं, बनवते. त्यातल्या पेरामीनमुळे न्यूझीलंडमधला खोड पोखरणारा सोंड्या रायग्रासला तोंड लावायला कचरतो. फेस्क्यूमधलं लोलीन माव्यालाही बाधतं.

पण तीच बुरशी जनावरांनाही भोवते. अमेरिकेत केंटकी-31 फेस्क्यूवर चरणाऱ्या गाई उन्हात धापा टाकायच्या, दूध आटायचं, काहींचे खूर सडायचे. 1977 मध्ये संशोधकांनी त्याचा संबंध या बुरशीशी जोडला. न्यूझीलंडमध्ये रायग्रास खाऊन मेंढ्या झोकांड्या खात, तो दोष याच बुरशीच्या लोलिट्रेम-बी या अल्कलॉइडचा. म्हणून तिथे एआर-1 सारखे बुरशीचे निवडक वाण वापरतात, ज्यात पेरामीन असतं पण लोलिट्रेम नसतं.

फुले जयवंतसारख्या नेपियरमध्ये ही बुरशी राहत नाही. ‘बुरशीवालं बेणं’ म्हणून कोणी जादा भावाने विकत असेल तर घेऊ नका. याच कुळातली एक बुरशी तुमच्या ओळखीची आहे: बाजरीच्या कणसावरचा अरगट!

प्रश्न (जुन्नर तालुका): मक्याच्या पोंग्यात लष्करी अळ्या पांढऱ्या, कडक होऊन मेल्यात, काहींवर हिरवट भुकटी आहे. पिकावर रोग आलाय का? चारा जनावरांना चालेल का?

उत्तर: रोग अळीला झालाय, मक्याला नाही. वर्णनावरून ही मेटाऱ्हायझियम रिलेयी नावाची बुरशी वाटते. बीजाणू अळीच्या अंगाला चिकटतो, कातडी भेदून आत शिरतो. अळी मेल्यावर आधी पांढरी बुरशी येते, मग पोपटी भुकटी. ती भुकटी म्हणजे नवे बीजाणू, वाऱ्याने शेजारच्या अळ्यांवर जाणारे. त्यामुळे या मेलेल्या अळ्या वेचून जाळू नका, आणि बुरशी दिसली म्हणून बुरशीनाशक तर मुळीच मारू नका. ही बुरशी जनावरांना होत नाही. रासायनिक फवारणी केली असेल तर मात्र लेबलवर दिलेले दिवस जाऊ द्या, मगच चारा कापा.

ही बुरशी विकत आणून मुद्दाम फवारायची असेल तर 5 ग्रॅम प्रति लिटर पाणी, संध्याकाळी, थेट पोंग्यात, हवा दमट असताना आणि अळ्या लहान असतानाच. पोंगा विष्ठेने भरल्यावर, मोठ्या अळीवर हिचा फारसा उपयोग होत नाही. परिणामाला काही दिवस लागतात, दुसऱ्या दिवशी दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. पाकिटावरची मुदत मात्र घेतानाच बघा, आणि ते पत्र्याच्या तापलेल्या शेडमध्ये ठेवू नका.