पहिलं मॉस लावताय? चंदेरी घ्या

मॉस म्हणजे ओल्या भिंतींवर उगवणारी मखमली हिरवळ. सुरुवात चंदेरी मॉसनेच करा. शास्त्रीय नाव ब्रायम अर्जेंटियम. फुटपाथच्या फटीतलं हे मॉस अंटार्क्टिकातही सापडतं, मग तुमची गच्ची त्याला काय जड! पानांच्या टोकांत हरितद्रव्य नसतं, म्हणून ते चंदेरी दिसतं. भिंतीवरून चमचाभर खरवडा, वाळवा, चुरगाळा आणि दाबलेल्या ओल्या मातीवर भुरभुरा. तुटलेल्या टोकांपासूनच नवी रोपं फुटतात. मॉस लवकर वाढावं म्हणून ताक-दही लावायच्या नादी लागू नका. माझ्या कुंडीत नुसती बुरशी आली होती. मॉसला खरी मुळं नसतात, पाणी अंगानेच शोषलं जातं. त्यामुळे खत नको, साठवलेलं पावसाचं पाणी फवारा. उन्हाळ्यात करडं पडलं तरी उपटू नका, भिजलं की पुन्हा हिरवं होतं. बोन्सायच्या कुंडीत शोभतं, फक्त खोडावर चढू देऊ नका.