फ्लाय बांधताना बारीक मणी आणि गळ हातातून निसटतात, काय करावं?

फ्लाय म्हणजे माशाला फसवायला गळावर दोऱ्याने पिसं वगैरे बांधून केलेला खोटा किडा. १८ नंबरच्या गळात दोन मिलिमीटरचा मणी ओवताना तो दर वेळी उडतो, आपली बोटंच जाड आहेत का, असं तुम्ही विचारलंय. बोटांना दोष देऊ नका. मी ऐरोलीला जेवणाच्या टेबलावर फ्लाय बांधतो. पहिल्या वर्षी निम्मे मणी केरात गेले. खाडीतल्या जिताड्यासाठी बांधताना गळ चांगला मोठा असतो, तेव्हा हा ताप नसतो. हिमाचलातल्या तीर्थन नदीच्या ब्राउन ट्राउट माशाची तयारी सुरू केली की रडारड.

मणी चिमटीत धरूच नका. आई पोत ओवताना वाटीतल्या मण्यांत सुई खुपसायची, तसं करून पाहिलं. मणी येतो, पण बऱ्याचदा उलटा. आपल्या मण्याचं एक भोक लहान आणि दुसरं खोलगट, मोठं असतं. गळाचं टोक लहान भोकातून आत जायला हवं. मग लहान भोक नेढ्याकडे येतं आणि मोठ्यात दोऱ्याचे वेढे दडतात. म्हणून आता टूथपिकला मेणाचा ठिपका लावतो आणि मण्याच्या कुशीला टेकवतो. मणी चिकटतो, दोन्ही भोकं मोकळी राहतात. गळ नेढ्याच्या बाजूने उलट्या चिमट्यात धरायचा, म्हणजे दाबल्यावर उघडणाऱ्या. सोडला की तो स्वतःच पकडून ठेवतो, बोटं थरथरली तरी चालतं. गळाचा उलटा दात आधी पकडीने चेपून घ्या, नाहीतर मणी तिथेच अडतो.

खाली कडा असलेला ट्रे, त्यात पांढरा टर्किश नॅपकिन. मणी उसळत नाही, घरंगळत नाही. पिसं आणि डबिंग (फ्लायच्या अंगाला लावायचे मऊ तंतू) काढताना पंखा बंद. मे महिन्यात ही शिक्षाच, म्हणून मी सकाळी सहाला बसतो.

चुंबक ठेवा, पण गळांच्या डबीत नको. गळ पोलादाचे, सतत चुंबकाजवळ राहिले की स्वतःच चुंबकी होतात आणि एकमेकांना चिकटून बसतात. पितळी मणी मात्र चुंबक उचलत नाही, तो टॉर्च जमिनीलगत आडवा धरून शोधावा लागतो. गळ पडला तर जागचे हलू नका. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून आधी स्वतःच्या पायाभोवती फिरवा, मगच खुर्ची मागे सरकवा. आमच्याकडे एकदा तो थेट पायपुसण्यात सापडला होता.