'सेट'ला घाबरू नका

भाषांतर नुकतंच सुरू केलंय आणि इंग्रजीतल्या 'सेट' (set) या शब्दापाशी गाडी अडली? सगळ्यांचीच अडते. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९च्या आवृत्तीत या एका क्रियापदाचे ४३० अर्थ आहेत. ते पाठ करायला बसू नका.

आधी शेजारचा शब्द बघा. सूर्य 'सेट' होतो तेव्हा मावळतो, जेली थिजते, दही लागतं. डॉक्टर हाड बसवतात, किंमत ठरते. आपलं 'लावणे' तरी काय कमी आहे? गजर लावतो, सापळा लावतो, आगही लावतो, आणि या तिन्ही ठिकाणी इंग्रजीत 'सेट' चालतं! मला हे कळायला फार वर्षं लागली.

सुरुवातीला दोनच चुका टाळा:

- 'ठेवणे' हा पहिला अर्थ सगळीकडे चिकटवणे. मी एकदा 'सेट द टेबल'चं 'टेबल ठेवा' केलं होतं. तिथे ताटं मांडायची होती.
- समानार्थी कोशातला शब्द डोळे मिटून उचलणे. 'पुट' आणि 'फिक्स' त्यात शेजारी सापडतील, पण सूर्याला दोन्ही लागू नाहीत.

'सेट ऑफ', 'सेट अप' वगैरे जोडशब्द सध्या बाजूला ठेवा. रोज पाच वाक्यं वहीत उतरवा. सुटा शब्द नको, अख्खं वाक्य.