कोकणकड्यावर धुकं हटेपर्यंत

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचं तोंड पश्चिमेला, म्हणजे तिथे फोटो काढायला सूर्यास्ताची वेळ निवडणं बरोबरच आहे. पण सूर्यास्ताच्या किमान दीड तास आधी पोहोचा. पावसाळ्यात दरी धुक्याने गच्च भरते आणि पडदा सरकला तर मिनिटभरच. तेवढ्यात ट्रायपॉड उघडत बसलात की क्षण गेलाच.

चौकट आधी ठरवा. कड्याची एखादी ठळक कड दिसताच तिच्यावर फोकस घेऊन लेन्स मॅन्युअलवर टाका. पांढऱ्या धुक्यात ऑटोफोकस नुसता पुढे-मागे फिरत राहतो. आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ/८ ते एफ/११, २ सेकंदांचा टायमर. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक मीटर धुक्याला राखाडी करतो, म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करणारी सेटिंग) +०.७ ते +१ ठेवा. ऊन उघडलं की लगेच शून्यावर आणा, नाहीतर ढगांतला तपशील जळतो.

वारा असेल तर ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका. बॅग टांगायची तर जमिनीला टेकेल इतकी खाली. लोंबकळली की तीच ट्रायपॉड हलवते. दर पाच मिनिटांनी लेन्सच्या काचेवर तिरपा टॉर्च मारून बघा. बारीक थेंब स्क्रीनवर कळत नाहीत, घरी कळतात. एक कोरडं मायक्रोफायबर कापड झिपच्या पिशवीत राखून ठेवा.

सूर्य बुडाला की गर्दी उठते. तुम्ही आणखी २०-२५ मिनिटं थांबा, उंचावरचे ढग तेव्हाच पेटतात. आणि मुक्काम असेल तर सकाळी परत या: पाठीशी ऊन, खाली दरीत धुकं, तरच इंद्रवज्र, म्हणजे धुक्यावर आपल्या सावलीभोवती उमटणारं गोल इंद्रधनुष्य, दिसतं. कडा आत वळलेला आहे. टोकाशी उभे राहू नका.